कुकरपुरता ताण

वृंदाचा ताण कायमचा गेला. पण काही बदललेलंच नाही, असं धरून ती सकाळी स्वयंपाकाला लागली.

सरकारी केंद्रातल्या यंत्राने तो कालच उपसून भट्टीत जाळला होता. स्वमग्न मुलांच्या आयांना ही सोय मोफत होती. लेक जुईला कुकरची शिट्टी सोसत नसे, म्हणून एरवी शिट्टीच्या क्षणभर आधी वृंदाचा हात आपोआप गॅसकडे जायचा. शेजारी म्हणत, हिला कुकरच्या पोटातलं कळतं.

आज शिट्टी झाली. जुई भिंतीवर डोकं आपटू लागली. वृंदा कोथिंबीर निवडत राहिली.

नवऱ्याने धावत येऊन लेकीला कवटाळलं. “अगं, ऐकू येत नाही का?”

“येतंय की. पण काही वाटतच नाहीये, उमेश.”

दुपारी तिने केंद्राला अर्ज लिहिला: ‘काढून घेतलेला ताण, निदान कुकरपुरता, परत मिळावा, ही नम्र विनंती.’