खोटा नंबर घालायचा राहिला

देवळातर्फे कीर्तनकारांना आमंत्रणं धाडणारं जावा ॲप सुनेत्रा तपासत होती. चाचणी आपोआप चालते, म्हणून सेटिंगमधले खरे फोन नंबर झाकून तेवढ्यापुरते खोटे वापर, अशी एक ओळ आधी लिहायची असते. नेमकी तीच राहिली आणि खराखुरा मेसेज निघून गेला: ‘आज सायंकाळी सहा वाजता आपले कीर्तन आहे. अवश्य यावे.’

"कुणाला गेला?" शेजारच्या तन्वीरने विचारलं.

"आमच्या नानांना. पहिला नंबर मीच हौसेने त्यांचा घातला होता."

आई गेल्यापासून नानांनी चिपळ्या हातात धरल्या नव्हत्या. पेटीवर कायम आईच असायची. पूर्वरंग संपला की नानांच्या गळ्यात हार पडायचा, बुक्क्याचा वास दरवळायचा. ते पुन्हा बघायला सुनेत्राचा जीव आसुसला होता. पण विषय काढला की नाना उठून जायचे.

"अगं, फोन करून चूक सांग. म्हातारा माणूस उगाच आशेला लागेल," तन्वीर म्हणाला.

तिने फोन लावला. "नाना, मघाशी एक मेसेज..."

"आला. धोतर नेसून बसलोय." नाना घसा खाकरून म्हणाले, "पेटीला कोण आहे, तेवढं मात्र देवळाने कळवलं नाही."

आईने शिकवलेल्या पेटीला सुनेत्राने कित्येक दिवसांत हात लावला नव्हता.

"मी आहे, नाना," ती म्हणाली, आणि पुजारीकाकांना ताबडतोब फोन लाव म्हणून तन्वीरला खुणावू लागली.