चिठ्ठ्यांची अदलाबदल

रक्त तपासायच्या लॅबचा साहेब झाल्यापासून माझा मुलगा आईपेक्षा कॉम्प्युटरचं जास्त ऐकतो. त्या डबड्यानं साखर वाढली म्हटलं, की माझा चहा फिक्का. काल त्यानं घरीच माझं आणि सुनेचं रक्त काढलं, नळ्यांवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आणि हात धुवायला गेला. तेवढ्यात मी चिठ्ठ्यांची अदलाबदल केली. सून बघत होती, पण गालातल्या गालात हसून गप्प बसली.

आज तो म्हणाला, "आई, साखर एकदम छान आलीय."

मी लगेच साखरेचा डबा काढला.

"पण कॉम्प्युटरनं तुझे मागचे सगळे रिपोर्ट काढून पडताळले. म्हणतो, हे रक्त या बाईचं नाहीच."



मी डब्याला झाकण लावलं. "बाळा, लॅबमध्ये तू कॉम्प्युटर नाही, सासू बसवलीस. मागचं काही म्हणजे काही विसरत नाही."