दुसरा हार

विंडसरजवळच्या आमच्या गावात फुलांचं एकच दुकान आहे. माझी बायको वनिता गेल्यापासून दर गुरुवारी मी तिथूनच तिच्या फोटोसाठी हार मागवतो. कार्नेशनचा हार ओवायला दुकानवाल्या लिंडाला मीच शिकवलं. आमच्यात कुणाच्या फोटोला हार घालतात, हे सांगायचा धीर मात्र कधी झाला नाही.

आठ महिन्यांत या घरात माझ्याशिवाय कुणी बोललेलं नाही.

आज लिंडा दारात दोन हार घेऊन आली.

“मी एकच मागवला होता,” मी म्हणालो.

“दुसरा तुमच्या वाइफने सकाळी फोन करून सांगितला. तुमच्या फोटोसाठी. फ्रेमचं मापही दिलं,” लिंडा कौतुकाने हसली.

मी मागे वळून पाहिलं. वनिताच्या फोटोशेजारी, कालपर्यंत कोऱ्या असलेल्या भिंतीवर, नवा खिळा ठोकलेला होता.