मॅगझीनचा खटका

“परत उघडला,” इंदू म्हणाली.

विनायकने लुना अजून स्टँडवरही चढवली नव्हती. तिगावच्या त्या शेडमध्ये संत्र्याच्या पेट्यांच्या फळ्यांवर, तणसात, पाण्याच्या माठापाशी, जिकडे तिकडे पिना उडाल्या होत्या. मधोमध फळ्यांत पिना ठोकायची, हवेवर चालणारी बंदूक धरून इंदू उभी होती आणि तिला हसू लपवता येत नव्हतं. पांढुर्ण्याहून उन्हात आल्याचं सार्थक झालं, असं विनायकला वाटलं.

“कसा उघडला?”

“चालवता चालवता. खट झालं न्‌ मॅगझीन मांगं सरकलं.”

बंदुकीच्या पोटाखाली पिनांची लांब पन्हाळी होती, तिला म्हणायचं मॅगझीन. आत दाबून बसवलेली स्प्रिंग, मागे एक खटका. खटका सुटला की सगळ्या पिना बाहेर आणि काम ठप्प.

ही बंदूक शेडचे मालक पुंडलिकराव यांनी मोठ्या हौसेने नागपूरहून आणली होती. हातोड्याने पेट्या ठोकून दिल्लीच्या गाड्या वेळेवर भरत नव्हत्या. पांढुर्ण्यात विनायकचं पंप-इंजिन दुरुस्तीचं टपरीवजा दुकान. त्याने हवेचा टँक बसवून दिला आणि शेडमध्ये पेट्या ठोकणाऱ्या दादाजी मिस्त्रीच्या पोरीला, इंदूला, बंदूक चालवायला शिकवलं. शिकवता शिकवता गडी स्वतःच पार कामातून गेला.

स्थळ नात्यागोत्यातलंच होतं. त्याने मामाला मध्ये घालून विचारलं, तेव्हा दादाजींनी शेडमध्येच, चारचौघांत, सांगून टाकलं होतं.

“मशीन टिकली न्‌ मालकानं तुमाले कायमचं ठेवलं, तर पोरगी तुमची. माहा शब्द हाय. मशीन वापस गेली, तर बात खतम. फिरत्या मेकॅनिकले मी पोरगी देत नाही.”

इंदू तिथेच फळ्या लावत होती. तिने मान खाली घातली ती वर केलीच नाही. लाजली, विनायकला वाटलं. त्या दिवशी लुना जमिनीवरून चालत होती की नाही, कोण जाणे.

आणि नेमका त्याच आठवड्यात खटका उघडायला लागला. तोवर बंदूक मुकाट्याने चालली होती. विनायकने स्प्रिंग बदलली, खटक्याचा दात कानशीने घासला, नवी पट्टी बसवली. त्याने हात लावला की ठीक, तो गेला की उघडा.

“नसन जमत तं राहू द्या ना,” इंदू पिना वेचता वेचता म्हणाली. “मालक पाठवतीन वापस. तुमच्या जिवाले किती तरास.”

जिवाला त्रास! अजून लग्न नाही, साखरपुडा नाही, आणि पोरीला आपल्या जिवाची काळजी! विनायक नुसता विरघळला.

पुंडलिकराव मात्र विरघळणाऱ्यांतले नव्हते.

“हे पाहा विनायकराव, उद्या दिल्लीची गाडी भरून राहिलो. उद्या जर हा खटका सुटला, तं बंदूक नागपूरले वापस. मंग मले तुमचं तोंड दाखवू नका.”

विनायक बंदूक लुनावर बांधून दुकानात घेऊन आला. शिकंज्यात पकडली, फळीवर फळी ठोकून पाहिली. हलवली, आपटली, ऐरणीवर आदळली. खटका जागचा हलेना. तो चक्रावला. मग त्याने इंदूला शिकवल्याप्रमाणे डावा हात मॅगझीनखाली धरला आणि सहज म्हणून अंगठा मागे सरकवला.

खट!

सगळ्या पिना त्याच्या मांडीवर.

तो दुकानात एकटाच मोठ्याने हसत सुटला. अंगठा! खटका आपोआप उघडतच नव्हता. पोरगी उघडत होती! दादाजींनी शब्द दिला आणि त्याच आठवड्यापासून. का? त्याला बोलावून घ्यायला, दुसरं काय! आनंदाने त्याच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. शेजारच्या चहावाल्याला त्याने उगाचच आग्रह करून त्याचाच चहा पाजला.

मग तो नव्या खटक्याला भिडला. आधी खाली दाबायचा, दाबून ठेवून बाजूला ओढायचा, तेव्हाच सुटेल असा. त्याला दोन्ही हात मोकळे लागत. बंदूक हातात असताना कोणाच्या बापालाही तो उघडता आला नसता. आता बोलावणं पाठवायची गरज काय? आता तो रोजच शेडमध्ये असणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंदूक सुरू झाली. धडाधड, धडाधड! पेटीवर पेटी चढू लागली. हमालांनी आरोळ्या ठोकल्या. विनायक खांबाला टेकून इंदूच्या हाताकडे बघत होता. तिचा अंगठा मागे गेला. खटक्यावर दाबला गेला. पुन्हा गेला, जोराने, नखाचा रंग पांढरा होईस्तोवर. तिच्या कपाळावर घाम आला. खटका ढिम्म. विनायकला मिशीतल्या मिशीत हसू आवरेना.

शेवटची पेटी गाडीत चढली तशी शेडमध्ये एकच गलका झाला.

“विनायकराव, आजपासून तुम्ही आमचे!” पुंडलिकराव ओरडले. “कायमचे!”

दादाजींनी त्याला कवटाळलं. “शब्द म्हणजे शब्द, जावईबापू!” आणि कोणाला तरी पेढ्यांना पिटाळलं.

विनायकचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. गर्दीतून वाट काढत तो इंदूपाशी गेला. ती बंदूक खाली ठेवत होती.

“मले समजलं,” तो तिच्या कानाशी म्हणाला. “खटका तूच उघडत होती. अंगठ्यानं.”

इंदूने दचकून वर पाहिलं. “मंग सांगितलं काऊन नाही कोणाले?”

“कशाले सांगू? मी येत जावं म्हणूनच उघडत होती ना?”

“नाही,” इंदू म्हणाली. “मशीन वापस गेली असती, तं बाबाचा शब्द बी वापस गेला असता.”