हापशाचा दांडा

दरसालासारखी हिरा रिकामा कॅन घेऊन माहेरी आली. अंगणातल्या हापशाचं पाणी तिला गुळावाणी गोड लागे. पण आज हापशाला दांडाच नव्हता.

"आप्पा, पाणी?"

"आटलं."

"माहेरचं पाणीच आटलं, तर मी कुणासाठी येऊ वो?"

तिच्या बापानं, बिरदेवानं, रिकामा कॅन तिच्या हाती दिला. राजुरीची एसटी तिला सासरी घेऊन गेली, तेव्हा त्यानं घोंगडीखालचा दांडा काढून मांडीवर घेतला. डॉक्टर म्हणाले होते, "पाण्यात आर्सेनिक निघालंय. तुम्हाला प्रोस्टेटचा कॅन्सर त्या विषानंही झाला असेल." पाणी वाईट म्हणावं, तर लेक विचारणार, कशावरनं? लघवीच्या जागेचं दुखणं लेकीला कसं सांगावं?

रिकाम्या अंगणाला तो म्हणाला, "नगं येऊ, बाय. लई वर्सं जग."