नवीन पदार्थ जोडा

आमच्या डाएट ॲपच्या यादीत नसलेले पदार्थ लोक स्वतः भरतात, आणि ते तपासून मंजूर करणं माझं काम. त्या शनिवारी शेंगोळे आणि तांदळाच्या उकडीच्या मधे एका बाईची नोंद होती. पदार्थ: बेल्ट. प्रमाण: चार नग. टीप: पोळी करपली म्हणून.

मी तिच्या त्या आठवड्याच्या नोंदी उघडल्या. मंगळवारी लाटणं, गुरुवारी लाथ, दोन वेळा. प्रत्येक दिवसाखाली हिरव्या अक्षरांत 'शाब्बास, आज तुम्ही लक्ष्याच्या आत आहात' असं झळकत होतं. ते वाक्य मीच लिहिलं होतं.

"फोन कर तिला," शेजारचा कौस्तुभ म्हणाला.

"नंबर नवऱ्याचा आहे. बायको बारीक व्हावी म्हणून तिच्या फोनवर ॲप त्यानेच सुरू करून दिलंय. दर शनिवारी सहाला सगळ्या नोंदींचा रिपोर्ट त्याला जातो. तिला हे माहीत नसणार."

कौस्तुभने घड्याळाकडे पाहिलं. सहाला पाच कमी होते.

मी तिचा रिपोर्टच बंद करून टाकला. आता त्याला काहीच दिसणार नव्हतं. सोमवारी महिला हेल्पलाइनशी बोलू, असं ठरवून मी निवांत घरी गेले.

सोमवारी तिची एकच नवी नोंद होती. पदार्थ: बेल्ट. प्रमाणाचा रकाना रिकामा होता.

टीप: रिपोर्ट आला नाही म्हणून.