फायनलपुरता आजार

बकुळाचा रघु बरा झाला. पण ही बातमी आपण ऐकलीच नाही, असं उल्हासनगरच्या धर्मशाळेचा मॅनेजर श्यामकांत याने ठरवून टाकलं. आजारी मुलांच्या घरच्यांसाठीच ती जागा. मूल बरं झालं की खोली सोडायची. आणि रविवारी शेजारच्या गल्लीशी कॅरमची फायनल, रघु त्याचा पार्टनर. धर्मशाळा दर वर्षी हरायची, कारण चांगले खेळाडू ऐन वेळी बरे व्हायचे.

"ताई, पोरगा फिक्का दिसतोय."

"साहेब, आत्ताच चार भाकऱ्या खाल्ल्यान. त्यातल्या दोन माझ्या."

"हीच तर लक्षणं."

बकुळा हसत बोचकं बांधत राहिली.

श्यामकांतने शिक्का मारून डॉक्टरांना अर्ज धाडला: "संस्थेच्या हितार्थ सदर रुग्णास सोमवार सकाळपर्यंत आजारी ठेवण्यात यावे, ही नम्र विनंती."